ॲकोलेड : ती मान की तो मान?

शाईचा_डाग (धागाकर्ती)

मंडळी, एका इंग्रजी शब्दाने दोन दिवस डोकं खाल्लंय. म्हटलं एकटीनेच का सोसायचं, म्हणून हा धागा.

मी भाषांतराची आणि मुद्रितशोधनाची फुटकळ कामं घेते. गेल्या आठवड्यात एका संस्थेचं मानपत्र आलं. तीसेक वर्षं पोरांना कुस्ती शिकवणाऱ्या एका वस्तादांचा सत्कार आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, कारण पैसे देणारे परदेशात बसलेत. मराठी माझ्याकडे. शेवटच्या वाक्याचा आशय असा, की 'हे ॲकोलेड त्यांना फार आधी मिळायला हवं होतं'.

पहिल्या झटक्यात मी 'पुरस्कार' लिहून मोकळी झाले. मग खालची ओळ वाचली. पुरस्कार आहेच कुठे? ना रक्कम, ना चषक. शाल, नारळ, फेटा आणि हाच कागद. 'सन्मान' लिहावं तर वरच्या चार ओळींत तो तीनदा येऊन गेलाय. 'गौरव' म्हटलं की गौरव समिती, गौरव अंक, गौरवमूर्ती असं सगळं मंडप टाकून उभं राहतं.

शेवटी शब्दाच्या मुळाशी गेले, तर तिथे वेगळीच गंमत. लॅटिनमध्ये कोलुम म्हणजे मान, शरीरावरची. 'अद' म्हणजे कडे, -ला. या दोहोंतून प्रोव्हान्सालमध्ये (दक्षिण फ्रान्सची जुनी भाषा) अकोलादा झालं, म्हणजे गळ्यात हात घालून दिलेली मिठी. तिथून फ्रेंच, आणि सतराव्या शतकात इंग्रजी. एखाद्याला नाइट करताना (म्हणजे सरदारकीचा किताब देताना) राजा त्याला मिठी मारी, किंवा मानेवर हाताने चापट देई. पुढे चापटीच्या जागी तलवारीचं पातं आलं आणि ते खांद्याला नुसतं टेकवायचं, एवढंच उरलं. आपल्या शर्टाची कॉलर त्याच कोलुमची.

आता बघा. इंग्रजीत मानेपासून मान देण्याचा शब्द तयार झाला. आपल्याकडे तर 'ती मान' आणि 'तो मान' एकाच अक्षरजोडीत नांदतायत! 'ताठ मानेने जगला' म्हणताना आपण नक्की कुठली मान ताठ करतो? व्याकरण म्हणतं गळ्यावरची, कारण 'मानेने' आहे. पण अर्थ सगळा दुसऱ्या मानाचा.

हे मी मानेला पट्टा बांधून टंकते आहे (स्पॉन्डिलायटिस, सहा महिने झाले). आणि त्या मानपत्राच्या पहिल्या प्रुफात काय छापून आलं होतं सांगू? 'वस्तादांच्या पाच शिष्यांनी मानेचा पट्टा पटकावला.' एका मात्रेने आखाड्याचा दवाखाना केला.

तर प्रश्न दोन. एक, ॲकोलेडला मराठी काय? दोन, या दोन माना एकाच घरच्या आहेत का?

कट्ट्यावरचा

'बहुमान' लिहा आणि झोपा. एवढा कीस कशाला?

शाईचा_डाग

बहुमान सुचला होता. पण 'दीपप्रज्वलनाचा बहुमान', 'पहिल्या रांगेत बसण्याचा बहुमान' असं ऐकून ऐकून त्याचा कस गेलाय हो. झोप पट्ट्यामुळे तशीही येत नाही.

डॉ_काढा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खात्यातलं आहे. घर एक नाही. शेजारीसुद्धा नाहीत.

शरीरावरची मान ही संस्कृत 'मन्या'पासून. मन्या म्हणजे मानेची मागची बाजू. प्राकृतात मण्णा, मराठीत मान. आयुर्वेदात मान आखडण्याला 'मन्यास्तंभ' म्हणतात. 'तो मान' मात्र मन् धातूचा, मानणे, मनन, मन वगैरे मंडळींतला. हजार-दीड हजार वर्षं झिजून झिजून एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा झाला, इतकंच. यात्रेत भेटलेले तोतया जुळे.

पण तुमच्या कोलुमला आमच्या दवाखान्यातही जागा आहे. मान एका बाजूला वाकडी होऊन राहते त्या दुखण्याचं नाव टॉर्टिकॉलिस. टॉर्टस म्हणजे पिळलेलं, कोलुम म्हणजे मान. म्हणजे ॲकोलेड आणि टॉर्टिकॉलिस ही सख्खी भावंडं. एक जण मान देतो, दुसरा पिरगाळतो.

पट्टा रात्री काढून झोपता का? उशी किती उंच आहे? हे ज्यांनी पट्टा दिला त्यांना एकदा विचारा, धाग्यावर नको.

वेलदोडा

डॉक्टर, तिसरी मान राहिली. 'त्या मानाने बरं आहे', तापमान, हवामान, राहणीमान. ही मोजमापाची, 'मा' धातूची. तेव्हा 'वयाच्या मानाने त्यांना मान मिळाला नाही म्हणून त्यांनी मान फिरवली' या एका वाक्यात तिन्ही वंशांची एकेक शाखा हजर आहे. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला हे वाक्य देऊन बघा. परतीचं तिकीट काढेल.

खडूस_आजोबा

उच्चारावर कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. 'ॲकोलेड' असं आपण लिहितो, पण मधला 'को' इंग्रज माणूस म्हणतच नाही. जोर 'ॲ'वर, पुढे 'क' ओझरता, आणि मग 'लेड'. जुन्या धाटणीचे लोक शेवट 'लाड' असाही करतात. लाड! कौतुकाच्या शब्दाला यापेक्षा चांगला शेवट काय असणार? स्पेलिंगमध्ये सी दोन, एल एकच. आमच्या कचेरीत एकाने उलटं लिहिलं होतं आणि ते तसंच संगमरवरावर कोरून लागलं.

वापराबद्दल : ॲवॉर्ड ही वस्तू आहे, फडताळात ठेवता येते. ॲकोलेड ही मिळालेली दाद आहे. तिच्यासोबत ॲवॉर्ड आलं तर आलं, नाही तर नुसते शब्दही पुरतात. ज्येष्ठ गायकाने मैफलीनंतर 'पुन्हा गा' म्हटलं, हे ॲकोलेड. म्हणून 'पुरस्कार' खोडलात ते योग्य केलंत. बहुतेक वेळा तो अनेकवचनात येतो, आणि मिळवणे, लाभणे, वर्षाव होणे अशा अर्थाच्या क्रियापदांबरोबर शोभतो. 'ही वॉज ॲकोलेडेड' असं हल्ली ईमेलांत वाचतो तेव्हा माझी मान खाली जाते. ती मान, तो नव्हे.

कट्ट्यावरचा

आजोबा, लेमोनेड, ऑरेंजेड, ॲकोलेड. सत्काराला सरबत. (ह. घ्या.)

खडूस_आजोबा

हलकं घेत नाही, कारण तुम्ही नकळत बरोबर बोललात. लेमोनेडचा 'एड' आणि ॲकोलेडचा 'एड' एकच प्रत्यय आहे. लॅटिन '-आता', प्रोव्हान्साल '-आदा', फ्रेंच '-आद'. ब्रिगेड, कॅव्हलकेड ही त्याच पंगतीतली. लिंबाचं केलेलं ते लेमोनेड, मानेशी केलेलं ते ॲकोलेड.

कट्ट्यावरचा

दंडवत. आता नाक्यावर मारायला हे एक झालं.

रोनकाठचा

मी लिऑनला प्रोग्रामर आहे, त्यामुळे हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकतो आणि त्याचा मानाशी काडीचा संबंध नसतो. फ्रेंचमध्ये अकोलाद म्हणजे आपला महिरपी कंस! 'तुझा अकोलाद बंद व्हायचा राहिलाय' म्हणजे कोडमध्ये उघडलेला कंस मिटवलेला नाही. इथे रुजू झालो त्या आठवड्यात वरिष्ठांनी स्क्रीनकडे बोट दाखवून 'एक अकोलाद कमी आहे' म्हटलं. मला वाटलं, कौतुक करायचं राहून गेलं म्हणतायत. मी लाजून 'त्याची गरज नाही' म्हणालो. गरज होती, प्रोग्राम चालत नव्हता.

पियानोच्या नोटेशनमध्ये दोन पट्ट्या डावीकडून बांधणारा जो बाकदार कंस असतो, तोही अकोलाद. दोघांच्या गळ्यात हात टाकून उभा असल्यासारखा दिसतो खरा.

आणि खरी गंमत पुढे. जुन्या चर्चच्या दारांवर, मध्ये टोक काढलेली एक कमान असते. तिलाही फ्रेंच लोक अकोलादचीच कमान म्हणतात. म्हणजे त्यांच्याकडे कंस आणि कमान यांचं नाव एक. आपण काय म्हणतो? महिरपी कंस. महिरप म्हणजे कमानच की! ते मिठीवरून तिथे पोचले, आपण मखरावरून. आकाराने दोघांना एकाच जागी आणून सोडलं.

मिठीचं म्हणाल तर ती इथे अजून शिल्लक आहे. लेजिओं दोनर हा फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान देताना पदक छातीवर लावतात आणि मग देणारा घेणाऱ्याच्या दोन्ही गालांशी गाल नेतो. त्या कृतीलाच अकोलाद म्हणतात. शब्द आपल्या मूळ धंद्यावर अजून आहे.

वेलदोडा

महिरप!! धागा वाचनखुणेत साठवला.

गडवाट

एव्हरेस्टच्या वाटेवरचा साउथ कोल, त्यातला कोलही हाच. फ्रेंचमध्ये कोल म्हणजे मान, आणि दोन शिखरांमधली खोलगट जागा म्हणजे डोंगराची मान. आपण तिला खिंड म्हणतो. त्यांना मान दिसली, आपल्याला खिंडार.

अवांतर : मिठी आणि मान एकत्र म्हटल्यावर मला १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथाच आठवला. खानाने महाराजांची मान काखेत दाबली, असं सभासदाच्या बखरीत आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष ॲकोलेड. पुढचं आपल्याला ठाऊक आहे.

कट्ट्यावरचा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

वेलदोडा

काय लिहून काढलंत? आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

थेम्सकाठ

राजाच्या तलवारीबद्दल थोडं. आम्ही इथे राहतो म्हणून शेजारपाजारच्यांकडून कानावर येतं, आणि राजवाडाही बरंच सांगत असतो.

नाइटहूड घेणारा एका खास ठेंगण्या स्टुलावर उजवा गुडघा टेकतो. राजा किंवा राणी तलवारीचं पातं आधी उजव्या खांद्याला, मग डाव्या खांद्याला लावते. सिनेमात 'ऊठ, सर अमुक' म्हणतात, ते प्रत्यक्षात म्हणत नाहीत. खांद्याला पातं लागतं, माणूस उठतो, झालं. या पातं लावण्यालाच आजही ॲकोलेड म्हणतात.

आणि ते सगळ्यांच्या नशिबी नसतं. पाद्री मंडळींना नाइटहूड मिळाली तरी तलवार लावत नाहीत, आणि म्हणून त्यांच्या नावापुढे 'सर'ही लागत नाही. बायकांना 'डेम' करतात, त्यांनाही तलवार नाही. परदेशी नागरिकाला मानद नाइटहूड मिळते, तिथेही तलवार नाही आणि 'सर' नाही. म्हणजे मान मिळाला पण ॲकोलेड नाही, असे बरेच जण असतात. शब्दाचा हा काटेकोर अर्थ रोजच्या इंग्रजीत पार बुजून गेलाय.

आपल्याकडचे पहिले 'सर' जमशेटजी जीजीभाई, १८४२. मुंबईत 'सर जेजे' म्हणतो ते हेच. मी लहानपणी समजत होतो, जेजे नावाचे कुणी मास्तर होते आणि फार चांगलं शिकवायचे.

शाईचा_डाग

हाहाहा. पुण्यातल्या एस. पी. कॉलेजमधला 'एस' म्हणजे 'सर' परशुरामभाऊंचा 'सर', हे मला तिथून पदवी घेऊन बाहेर पडल्यावर कळलं. 'सर' शब्द आपण शिंप्याकडून लहान करून घेतल्यासारखा घेतलाय. तिकडे खांद्याला पातं लागावं लागतं, इकडे खडू हातात घेतला की झालं. मला विचाराल तर आपला वापर जास्त बरा.

कोर्टाची_पायरी

मानपत्र आहे म्हणून एक सूचना. सत्कारमूर्तींपैकी किंवा पाहुण्यांपैकी कुणी पद्म पुरस्कारवाले असतील तर 'पद्मश्री अमुक' असं नावाला जोडून छापू नका. संविधानाच्या १८व्या अनुच्छेदाने किताब बंद केले, फक्त लष्करी आणि विद्याविषयक वगळले. मग भारतरत्न आणि पद्म हे किताब नाहीत का, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९५ साली बालाजी राघवन खटल्यात निकाल लागला : हे किताब नाहीत, म्हणून चालतील, पण नावाच्या आगे-मागे उपाधीसारखे लावायचे नाहीत. आपल्या निमंत्रणपत्रिका हा निकाल वाचत नाहीत, हा भाग वेगळा.

बादवे, पद्म पदकं छातीवर टाचतात. भारतरत्नाचं पिंपळपान मात्र पांढऱ्या फितीत ओवून गळ्यात घालतात. तेव्हा या धाग्याच्या हिशेबाने खरं ॲकोलेड एकच.

टागोरांचं सांगायचं राहिलं. १९१५ला नाइटहूड मिळाली, जालियनवाला बागेनंतर १९१९च्या मे महिन्यात व्हाइसरॉयला पत्र लिहून त्यांनी ती सोडली. गळ्यातलं काढून ठेवायलाही मान ताठ लागते.

लालमाती

वस्तादांचा विषय निघाला म्हणून आम्ही आलो. मोठमोठी शब्दांची कुस्ती चाललीया, आमची आपली मातीतली ऐका.

पदक गळ्यात घालायची पद्धत ऑलिंपिकात १९६०ला रोममध्ये सुरू झाली. त्याच्या आधी हातात देत. आता हिशेब करा. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि ते गळ्यात पडलंच नाही, हातात मिळालं. गावाकडं आल्यावर मात्र लोकांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पॅरिसला २०२४मध्ये आमच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ घेतलं, त्याच्या गळ्यात पडताना सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. मधी बहात्तर वर्षं गेली.

कुस्तीत गळ्याला मान नाहीच हो. गळा धरायचा असतोय. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा मिळती, ती खांद्यावर. तुमच्या राजाची तलवार टेकून लगेच उचलत्यात, आमची गदा पैलवान घरी घेऊन जातोय.

शाईचा_डाग

लालमाती, तुम्ही योग्य वेळी आलात. वरचं सगळं वाचून मी काल रात्री एक वाक्य केलं. विचार असा, की ॲकोलेडमध्ये शरीराची कृती आहे, तर मराठीतही कृतीच हवी, 'सन्मान' सारखा कोरडा शब्द नको. आणि आपल्याकडे कौतुकाची कृती म्हणजे पाठ थोपटणे. म्हणून :

'शाबासकीची ही थाप त्यांच्या पाठीवर फार आधी पडायला हवी होती.'

मूळ शब्दातही चापट होतीच. मला तरी चपखल वाटलं. कसं आहे?

वेलदोडा

वा! सुरेख. हेच पाठवा.

कट्ट्यावरचा

+१. बहुमान मागे घेतो.

लालमाती

ताई, राग मानू नका, पण हे वाक्य तालमीत वाचलं तर पोरं एकमेकांकडं बघतील.

वस्तादाच्या पाठीवर थाप कोण मारणार? थाप वस्ताद मारतोय. पोरगं कुस्ती मारून आलं की त्याच्या पाठीवर. मोठ्यानं धाकट्याला द्यायची वस्तू आहे ती. वस्तादापुढं पोरं वाकत्यात, पाया पडत्यात, मग ते आमदार झालेले असले तरी. तुमच्या कागदावर संस्थेची माणसं सत्तरीच्या वस्तादाची पाठ थोपटत्यात. शाबास रे गड्या म्हणल्यासारखं होतंय.

खडूस_आजोबा

मुद्दा बिनतोड आहे. माझ्या नजरेतून कसा निसटला कळत नाही. तो इंग्रजी शब्दही वरून खालीच जातो : राजा उभा, घेणारा गुडघ्यावर. इंग्रजीत तो इतका झिजलाय की कोण वर आणि कोण खाली हे आता दिसत नाही. 'शाबासकीची थाप' मराठीत अजून झिजलेली नाही, तिच्यात दोन माणसांची वयं दिसतात. 'पुरस्कार' या बाबतीत सभ्य होता : पुरस्, म्हणजे पुढे, आणि कृ, करणे. माणसाला पुढे आणून उभं करायचं, वरखाली काही नाही. पण तो रकमेने बाटला.

थेम्सकाठ

मग खालून वर जाणारं काय आहे आपल्याकडे? मुजरा?

गडवाट

'मानाचा मुजरा' दर दुसऱ्या फ्लेक्सवर असतो. नको.

डॉ_काढा

पेशव्यांना छत्रपतींकडून वस्त्रं मिळत. बाजीरावाला १७२०मध्ये मिळाली ती पेशवाईची वस्त्रंच. पण तीही वरून खाली. शालीचंही तेच मूळ असावं असं आपलं मला वाटतं. आता शाल कुणीही कुणालाही घालतं, हे त्यातल्या त्यात बरं.

लालमाती

अहो, लांब कशाला जाताय. कार्यक्रमात काय देणार आहात? शाल, नारळ आणि फेटा, ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. फेटा बांधायला पोरगं स्टुलावर चढलं तरी वस्ताद लहान होत नाही. हार घालून घ्यायला मान वाकवावी लागती, फेट्याला ताठ ठेवावी लागती. वाकली तर फेटा बसत नाही.

शाईचा_डाग

दोन दिवस कोश चाळतेय, आणि शब्द कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या ओळीवर होता.

बदललेलं वाक्य : 'हा मानाचा फेटा त्यांच्या माथ्यावर फार आधी चढायला हवा होता.'

लिऑन आणि लंडनकरांचं काही म्हणणं असेल तर आता सांगा, दुपारी छापायला जातंय.

रोनकाठचा

मिठी गेली, पण तक्रार नाही. कंस बंद.

खडूस_आजोबा

'मानाचा' वरची मात्रा... म्हणजे नसलेली मात्रा, छपाईपूर्वी एकदा स्वतः बघा. 'मानेचा फेटा' झाला तर डॉक्टरांना बोलवावं लागेल.

शाईचा_डाग

शेवटचं प्रूफ छापखान्यात जाऊन उभ्याने बघितलं. बरोबर आहे. तिथल्या मुलाने माझ्या गळ्याकडे बघत विचारलं, 'मॅडम, तुम्हालापण मिळाला का पट्टा?'

लालमाती

बेस झालं. आता एक काम करा, संस्थेला विचारा फेटा बांधणारा माणूस ठरवलाय का. आयता शिवलेला टोपीसारखा फेटा डोक्यावर ठेवतील, आजकाल तसंच करत्यात. वस्ताद काही बोलणार नाहीत, पण घरी गेल्यावर काढून खुंटीला लावतील आणि परत बघणार नाहीत. माणूस नसला तर मला निरोप पाठवा, आमच्या तालमीतलं एक पोरगं सात हाताचं कापड दोन मिनिटांत चढवतंय.

शाईचा_डाग

विचारते आजच.